न दिसणाऱ्या भेगेचा आराखडा

मार्च २०१२ मध्ये वायदे बाजार आयोगाने गवार बी आणि गवार गम या दोन जिनसांचे वायदे व्यवहार थांबविले. गवार म्हणजे आपल्या घरांत दाण्याचे कूट घालून होणारी तीच शेंगभाजी. मात्र पश्चिम राजस्थानात, हरियाणात आणि गुजरातेत ती मुख्यतः वाळलेल्या बियांसाठी पिकवितात. बियांच्या गरापासून जी पांढरट भुकटी होते ती गवार गम. सुमारे वर्षभरापूर्वी दोन-तीन हजार रुपये क्विंटल असलेले बी त्या मार्चमध्ये तीस हजारांच्या घरात पोहोचले होते. सट्टेबाजी हे कारण तेव्हा पुढे आले, आणि सट्टा झालाही असेल. परंतु भाव चढण्याचे मूळ जोधपूरच्या मंडीत नव्हते. ते टेक्सास आणि नॉर्थ डकोटा येथील तेलविहिरींच्या आराखड्यात होते. आणि पुढे भाव कोसळले, त्याचेही एक मोठे कारण त्याच आराखड्यात झालेली दुरुस्ती हे होते. भारतातील कोणत्याही कार्यालयात त्या आराखड्याची संचिका नव्हती. म्हणूनच तो मुळात कसा घडला आणि कसा सुधारत गेला, हे पाहण्याची मला उत्सुकता वाटली.

महाराष्ट्रात ज्यांनी टंचाई आराखडे पाहिले आहेत त्यांना ‘जलभंजन’ हा शब्द ओळखीचा असेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा कमी पाणी देणाऱ्या विंधन विहिरीचा काही भाग बंदिस्त करून त्यात मोठ्या दाबाने पाणी सोडते. बेसॉल्टमधील बुजलेल्या सांधी मोकळ्या होतात आणि विहिरीकडे येणारा ओघ वाढतो. तेलक्षेत्रातील ‘हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग’ हे तत्त्वतः हेच जलभंजन होय. फरक खोलीचा आणि खडकाचा आहे. दोन-तीन किलोमीटर खाली खडकावरचा दाब इतका असतो की पंप थांबताच उघडलेली भेग पुन्हा मिटते. म्हणून पाण्याबरोबर वाळू पाठवावी लागते. पाणी परत येते, वाळूचे कण भेगेत टेकूसारखे उभे राहतात. शेलसारख्या खडकाची पार्यता, म्हणजे आपल्यातून वायू वा द्रव वाहू देण्याची क्षमता, जवळजवळ शून्य असते. तेथे भेग जेवढ्या खडकाला स्पर्श करील तेवढ्याच खडकातून वायू मिळणार. तेव्हा किती पाणी, किती घट्ट, कोणत्या वेगाने, किती वाळू, विहिरीत किती जागी, हे ठरविणे म्हणजे आराखडा. यातील खरी अडचण अशी की ज्या वस्तूचा आराखडा करायचा ती कधी कोणाला दिसत नाही. पूल पडला तर दिसतो. भेग चुकली तर विहीर फक्त कमी देते, आणि दोष खडकाच्या माथी मारता येतो.

आरंभ पाण्याने झालाच नाही, स्फोटाने झाला. अमेरिकन यादवी युद्धात डिसेंबर १८६२ मध्ये फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत एडवर्ड रॉबर्ट्स या अधिकाऱ्याने पाण्याच्या कालव्यात तोफगोळे फुटताना पाहिले, आणि पाण्याचा स्तंभ स्फोटाचा जोर कोंडून धरतो हे त्याने हेरले. १८६५ साली पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे त्याने तेलविहिरीत ‘टॉर्पेडो’ उडविला. पुढे त्यात नायट्रोग्लिसरीन आले. उत्पादन वाढले, रॉबर्ट्सने पेटंट घेतले आणि जबर शुल्क आकारू लागला. ते चुकविण्यासाठी लोक रात्रीच्या अंधारात चोरून विहिरी ‘उडवू’ लागले. त्यांच्यावरील खटल्यांत त्याने पुष्कळ पैसा आणि वेळ घालविला.

पाण्याच्या, किंबहुना द्रवाच्या, दाबाने खडक फोडण्याचा पहिला प्रयोग १९४७ साली कॅन्सासमधील ह्यूगटन वायुक्षेत्रात स्टॅनोलिंड कंपनीने केला. द्रव होता नापामने घट्ट केलेले पेट्रोल, पहिली मात्रा १,००० गॅलन, म्हणजे सुमारे ३,८०० लिटर. विहिरीचे उत्पादन काही फारसे वाढले नाही. तरीही कंपनीने पद्धत सोडली नाही, आणि १७ मार्च १९४९ रोजी हॅलिबर्टन कंपनीने ओक्लाहोमा आणि टेक्सास येथील दोन विहिरींवर तिचा व्यापारी वापर केला. त्यानंतर काही वर्षांत ती हजारो विहिरींवर पसरली. आराखडा मात्र अनुभवी माणसाच्या अदमासावर चालत होता. जमिनीखाली काय घडते, याविषयी अभियंत्यांत एकमतही नव्हते. भेग आडवी पसरते आणि वरचा खडक उचलून धरते, असे मानणारे पुष्कळ होते.

हा वाद एका साध्या प्रयोगाने बऱ्याच अंशी मिटला. १९५७ मध्ये किंग हबर्ट आणि डेव्हिड विलिस यांनी जिलेटिनच्या ठोकळ्यात प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे पातळ मिश्रण दाबाने सोडले. ठोकळ्यावर कोणत्या बाजूने किती ताण द्यायचा हे त्यांच्या हाती होते. प्लॅस्टर घट्ट झाल्यावर जिलेटिन कापून भेगेचा आकार पाहता आला. निष्कर्ष असा की भेग जिकडे दाब सर्वांत कमी तिकडे फाकते, म्हणजे तिचे पाते त्या दिशेला काटकोनात उभे राहते. खोलवर बहुतेक ठिकाणी आडवा दाब उभ्या दाबाहून कमी असतो, म्हणून भेग उभी. हे एक वाक्य पुढच्या सत्तर वर्षांच्या आराखड्यांचा पाया ठरले. आज शेलमधील आडवी विहीर कोणत्या दिशेने न्यायची हे त्यावरूनच ठरते. (अमेरिकेचे तेलउत्पादन १९७० च्या सुमारास कळस गाठून उतरू लागेल, असे १९५६ मध्ये सांगणारा हबर्ट तो हाच. त्याच्या अंदाजाला पुढे धक्का दिला तो त्यानेच समजावून सांगितलेल्या भेगांनी.)

ज्ञान वाढत असताना हाव मात्र मोठ्या आवाजाची होती. १० डिसेंबर १९६७ रोजी न्यू मेक्सिकोत अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने आणि एल पासो नॅचरल गॅस या कंपनीने सुमारे १,३०० मीटर खोलीवर २९ किलोटन क्षमतेचा अणुस्फोट घडविला. प्रकल्पाचे नाव ‘गॅसबगी’, आणि उद्देश घट्ट वालुकाश्म फोडून वायू मोकळा करणे. योगायोग असा की त्यानंतर साडेतीन तासांच्या आत, आपल्याकडे ११ डिसेंबरच्या पहाटे, कोयनेचा भूकंप झाला. दोहोंचा परस्परांशी काही संबंध नाही. पण जलाशयाच्या पाण्याचा दाब खडकातील जुन्या भ्रंशांना कसा हलवू शकतो हा कोयनेने जगापुढे ठेवलेला प्रश्न पुढे याच उद्योगासमोर वेगळ्या रूपात येणार होता. अणुस्फोटांचे असे तीन प्रयोग झाले. शेवटचा १९७३ साली कोलोरॅडोत. वायू निघाला, पण किरणोत्सारी. असा वायू घराघरांतील शेगड्यांना देणार कोण? १९७४ मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून यापुढे असा स्फोट मतदारांच्या संमतीशिवाय होणार नाही अशी तरतूद केली.

तेलटंचाईच्या त्याच दशकात सरकारी पैशावर जे काम सुरू झाले, ते मला या सगळ्या इतिहासातील सर्वांत मोलाचे वाटते, आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. सँडिया या राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी नेवाडातील अणुचाचणी क्षेत्रातील बोगद्यांजवळ रंगीत द्रव वापरून भेगा पाडल्या आणि मग चक्क खणून त्या उघड्या केल्या. पाठ्यपुस्तकातील भेग म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली सपाट पाती. खणल्यावर दिसली ती वाकडी, फाटे फुटलेली, एका थरात थांबलेली आणि दुसऱ्यात भलतीकडे वळलेली. कोलोरॅडोतील रायफल या गावाजवळ १९८० च्या दशकात ऊर्जा विभागाने जवळजवळ तीन विहिरी खोदून बहुविहीर प्रयोग केला. एका विहिरीत भेग पाडायची आणि शेजारच्या विहिरींत संवेदक ठेवून खडक तडकण्याचे बारीक आवाज टिपायचे. पुढे भेगांमधून खडकाचा गाभा काढला तेव्हा एका भेगेच्या जागी काही फुटांच्या अंतरात अनेक समांतर भेगा सापडल्या. याच सुमारास केनेथ नोल्टे याने, पंप बंद केल्यावर दाब कसा उतरतो याच्या आलेखावरून भेग किती गळते हे काढण्याची रीत बसविली. मुख्य कामाआधी छोटी चाचणी-भेग पाडून दाब मोजणे हा तेव्हापासून रिवाज झाला.

याला पैसा कोठून आला? काही थेट अंदाजपत्रकातून. काही गॅस रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेमार्फत, जिचा खर्च आंतरराज्य वाहिन्यांतून जाणाऱ्या वायूवरील नियामकाने मंजूर केलेल्या छोट्या अधिभारातून निघे. शिवाय १९८० च्या कायद्याने अपारंपरिक वायूला करसवलत दिली. एकही रुपया, म्हणजे डॉलर, कोणा एका विहिरीच्या नफ्यासाठी नव्हता. निष्कर्ष प्रसिद्ध होत. शेलक्रांती ही खासगी धाडसाची कहाणी म्हणून सांगितली जाते. धाडस होतेच, पण त्याच्या पायाखाली वीस वर्षांची ही रटाळ मोजमापे होती.

आता ते धाडस. जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने टेक्सासमधील फोर्ट वर्थजवळ बार्नेट शेलमध्ये पहिली विहीर १९८१ साली घेतली. सोळा-सतरा वर्षे पैसा ओतूनही हिशेब जमेना. तोवरचा सर्वमान्य आराखडा असा : गवार गम पाण्यात मिसळून, त्यात बोरेटसारखे क्षार घालून, जेलीसारखा दाट द्रव करायचा, तो भरपूर वाळू तरंगत वाहून नेतो आणि रुंद भेग उघडतो. काम झाल्यावर रसायनांनी ही जेली फोडून पातळ करायची. ती पूर्ण फुटत नाही. उरलेला चोथा त्याच भेगेत अडकतो, आणि वर खर्च मोठा.

निक स्टाइन्सबर्गर हा कंपनीचा तरुण अभियंता. एका विहिरीवर जेल नीट न जमता पाण्यासारखे पातळ राहिले, आणि विहिरीने तरी वाईट उत्पादन दिले नाही, हे त्याच्या नजरेस आले. पूर्व टेक्सासच्या वालुकाश्मात दुसऱ्या एका कंपनीने पाणी आणि थोडी वाळू एवढ्यावर काम भागविल्याचेही त्याला कळले. शेलमध्ये ते चालेल असे त्याच्या कंपनीतही फार थोड्यांना वाटे. पहिले प्रयत्न फसले. १९९८ साली ‘एस. एच. ग्रिफिन क्र. ४’ या विहिरीत मात्र भरपूर पाणी, घर्षण कमी करणारे थोडेसे रसायन आणि सुरुवातीला अगदी कमी वाळू या मिश्रणाने कंपनीच्या तोवरच्या जेलच्या विहिरींना मागे टाकले, तेही कमी खर्चात. कारण नंतर स्पष्ट झाले. दाट द्रव एक रुंद भेग पाडतो. पातळ पाणी खडकातील जुन्या, मिटलेल्या सांधींत शिरते आणि त्यांचे जाळे उघडते. वायूला रुंद रस्त्याची गरज नव्हती, अनेक पायवाटांची होती. डेव्हन कंपनीने २००२ मध्ये मिचेलची कंपनी घेतली आणि या पाण्याच्या आराखड्याला आडव्या विहिरींची जोड दिली. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

येथे वाचकाला प्रश्न पडेल : जेल मागे पडले, तर २०१२ मध्ये गवारीला सोन्याचा भाव का? वायू स्वस्त झाल्यावर कंपन्या तेलाकडे वळल्या, म्हणून. बाकेन आणि ईगल फोर्ड या थरांतील तेल वायूहून दाट. त्याला रुंद आणि वाळूने भरलेली वाट हवी, असा समज, म्हणून पुन्हा जेल किंवा पाणी आणि जेल यांचा मिश्र आराखडा. जगातील सुमारे ८० टक्के गवार भारतात होते आणि तेही बहुतांशी पावसावर. २०१२-१३ मध्ये भारताची गवार गमची निर्यात २१ हजार कोटी रुपयांवर गेली. ज्यांनी माल घरात धरून ठेवला त्यांची चांदी झाली; पण कोरडवाहू शेतकरी सुगीतच विकतो, आणि भावाचा कळस सुगीनंतर चार महिन्यांनी आला. पुढच्या हंगामात गवारीचा पेरा राजस्थानाबाहेर, दक्षिणेतही पसरला. मे २०१३ मध्ये वायदे पुन्हा सुरू झाले. तोवर कंपन्यांनी पर्याय शोधले होते. २०१४ च्या अखेरीस तेलाचे भाव पडताच खर्च छाटणाऱ्या अभियंत्यांनी तेलविहिरींतही पातळ पाणी, बारीक वाळू आणि मोठा वेग हा आराखडा पत्करला, आणि तो चालला. २०१५-१६ मध्ये सव्वातीन लाख टन गवार गम बाहेर गेला. हाती आले सुमारे ३,२०० कोटी. माझ्या मते दोष वायदेबाजारापेक्षा माहितीच्या दरीत होता. अमेरिकेतील तांत्रिक परिषदांत जेल टिकणार की जाणार याची चर्चा उघड चालू असताना बाडमेर-बिकानेरच्या शेतकऱ्यापर्यंत फक्त भाव पोहोचत होता, आणि तोही उशिरा.

आराखड्यातील सुधारणा तेथेही थांबली नाही, आणि पुन्हा ती मोजल्यामुळेच झाली. आडव्या विहिरीच्या नळाला टप्प्याटप्प्याने भोकांचे झुबके पाडतात आणि एका दमात चार-पाच झुबक्यांतून पाणी सोडतात. सर्व सारखे फुटतात, असे गृहीत होते. शंभराहून अधिक विहिरींच्या उत्पादन-नोंदी तपासून २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ ३० टक्के झुबक्यांतून काहीच येत नव्हते. पाणी, वाळू, पैसा तेवढ्या प्रमाणात वाया. उपाय कोणाही ठिबकवाल्या शेतकऱ्याला पटावा असा. ठिबकच्या नळीला मोठी भोके असतील तर सगळे पाणी आरंभीच्याच झाडांना जाते. भोक बारीक असेल तर खरा अडथळा भोकातच होतो आणि शेवटच्या झाडालाही वाटा मिळतो. तसेच येथे. प्रत्येक झुबक्यातील भोके कमी आणि लहान ठेवली की खडक कोठे मऊ, कोठे कठीण याचा फरक मागे पडतो आणि पाणी समान वाटले जाते. ही कल्पना १९६३ मध्येच मांडली गेली होती. शेलमध्ये तिचा कसून वापर होण्यास आणखी पन्नास वर्षे लागली, कारण वाटणी असमान आहे हे तोवर कोणी पाहिलेच नव्हते. पुढे पश्चिम टेक्सासमध्ये ऊर्जा विभाग आणि कंपन्यांनी मिळून भेगा पाडलेल्या खडकातूनच तिरपी विहीर खोदली आणि सुमारे ६०० फूट गाभा बाहेर काढला. भेगा शेकड्यांनी होत्या, अपेक्षेहून कितीतरी दाट. वाळू मात्र त्यांतील थोड्यांतच पोहोचली होती.

प्रशासनाच्या बाजूने हाच इतिहास इतका उजळ नाही. २००५ च्या ऊर्जा धोरण कायद्याने, डिझेलचा अपवाद सोडता, फ्रॅकिंगला पिण्याच्या पाण्याच्या सुरक्षेविषयीच्या संघीय कायद्यातील भूमिगत द्रव सोडण्यासंबंधीच्या नियमांतून वगळले. नेमक्या त्याच वर्षांत विहिरींची संख्या फुगली. पाण्यात काय मिसळले हे जाहीर करण्याची सक्ती करणारे पहिले राज्य वायोमिंग, तेही २०१० साली. एका विहिरीला लागणारे पाणी दीड-दोन कोटी लिटर आणि पुढे त्याहूनही अधिक झाले. परत येणाऱ्या खाऱ्या पाण्याची विल्हेवाट खोल विहिरींत लावली गेली, आणि ओक्लाहोमात, जेथे पूर्वी भूकंप क्वचित होत, तेथे सप्टेंबर २०१६ मध्ये ५.८ तीव्रतेचा धक्का बसला. त्याचा संबंध भेगा पाडण्याशी कमी आणि सांडपाणी जमिनीत कोंडण्याशी अधिक होता. कोयनेच्या अभ्यासकांना ही यंत्रणा अपरिचित नव्हती. ज्या उद्योगाने जमिनीखालची प्रत्येक भेग मोजण्याची विद्या कमावली, त्याने शेजारच्या घरगुती विहिरींतील पाण्याचे काम सुरू होण्यापूर्वीचे नमुने मात्र फार ठिकाणी घेतलेच नव्हते. मग तक्रार आल्यावर मिथेन आधीपासून होता की नंतर आला, हे सिद्ध करणे दोन्ही पक्षांना अशक्य झाले. महसुली मोजणीच्या आधी बांध हलविण्यासारखाच हा प्रकार.

आपल्याकडे बाडमेरच्या रागेश्वरी क्षेत्रात ज्वालामुखीजन्य खडकातून आणि राणीगंज, सोहागपूर येथील कोळशाच्या थरांतून वायू काढताना भेगा पाडल्या जातात. शेलचे तसे नाही. पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूर येथे ओएनजीसीच्या प्रायोगिक विहिरीतून जानेवारी २०११ मध्ये सुमारे १,७०० मीटर खोलीवरच्या शेलमधून वायू आला, तेव्हा मोठा गाजावाजा झाला. ऑक्टोबर २०१३ मध्ये सरकारी कंपन्यांसाठी धोरण आले, २०१८ मध्ये ते इतर करारधारकांनाही खुले झाले. खंबात, कृष्णा-गोदावरी, कावेरी आणि दामोदर या खोऱ्यांत ओएनजीसीने विहिरी घेतल्या. व्यापारी उत्पादन हाती लागले नाही. याला अपयश म्हणण्याची घाई मी करणार नाही. मिचेल एकाच खडकावर सतरा वर्षे बसून होते आणि त्यांच्या हाताशी रायफल-नेवाडाची मोजमापे होती. आपण चार वेगळ्या खोऱ्यांतील वेगळ्या खडकांवर मोजक्या विहिरी विखुरल्या. शेलमधील मातीचे प्रमाण बदलले की बार्नेटचे पाणी तेथे भेग उघडण्याऐवजी खडकच फुगवू शकते. आराखडा आयात होत नाही.

दामोदरच्या खोऱ्यात गावागणिक विहिरी आहेत आणि कोळशाच्या खाणींनी भूजल आधीच ढवळलेले आहे. तेथे पुन्हा कधी प्रस्ताव आला, तर वायूच्या साठ्याच्या आकड्याआधी मी तीन कागद मागेन : त्या खडकातील दाबाची दिशा मोजल्याचा अहवाल, परिसरातील विहिरींच्या पाण्याचे काम सुरू होण्यापूर्वीचे नमुने, आणि परत येणारे पाणी कोठे जाणार याचा नकाशा.